पिचरने पाय टेकला की हात उचलायचे

बेसबॉलच्या मैदानात मातीचा एक गोल उंचवटा असतो आणि त्याच्या माथ्यावर रबराची एक पांढरी पट्टी पुरलेली असते. पिचर त्या पट्टीवर पाय टेकून चेंडू टाकायला तयार झाला, की माझी बोटं ऑर्गनवरून उचललेली असायला हवीत. चेंडू खेळात असताना संगीत चालत नाही. म्हणजे जे काही वाजवायचं ते दोन चेंडूंच्या मधल्या जागेत, एक बॅटर जाऊन दुसरा येईपर्यंत, किंवा दोन्ही संघ मैदानातल्या जागा बदलतात तेवढ्या दोन-सव्वादोन मिनिटांत. कधी आठ सेकंद मिळतात, कधी चारच. त्या चार सेकंदांत नुकतंच जे घडलं त्याला उत्तर द्यायचं, लोकांचे हात टाळीसाठी वर आणायचे आणि वेळेत गप्प व्हायचं. या कामातला सगळ्यात मोठा आनंद मला या गप्प होण्यात मिळतो.

शिकागोच्या पश्चिमेला, जिथे वस्ती विरळ होऊन मक्याची शेतं सुरू होतात त्या टापूत, एका लहान व्यावसायिक संघाचं मैदान आहे. मोठ्या लीगचा झगमगाट इथे नाही. मे महिन्यात मोसम सुरू होतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो. प्रेक्षक बहुतेक आसपासचे: आजोबा-नातवंडं, शाळांचे गट, पाळी संपवून थेट आलेले कामगार. या मैदानावर गेली काही वर्षं मी ऑर्गन वाजवते आहे. ज्यांनी कधी पायपेटीला हात लावला असेल त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी मिरजेची. सांगली-मिरज भागात संगीत नाटकांना साथ करणाऱ्या एका सरांकडे मी शाळेत असल्यापासून पायपेटी, म्हणजे पायांनी हवा भरायचा ऑर्गन, शिकले. ज्यांनी ती जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: पायांनी भाता मारायचा, त्यामुळे दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात, आणि गुडघ्याने बाजूची पट्टी रेटली की आवाज चढतो. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना हरिभाऊ देशपांडे ऑर्गनची साथ करत. तेव्हापासून नाट्यसंगीताच्या कानात तो सूर कायमचा बसला. आमच्या सरांच्या पायपेटीवर बोस्टनच्या मेसन अँड हॅम्लिन कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि दर पावसाळ्यात तिचे दोन-चार सूर अडकायचे.

सरांनी साथीला बसवलं तेव्हा पहिले कित्येक महिने मला फक्त बघायला लावलं. रंगमंचाच्या पुढे, खाली बसून गाणाऱ्या नटाकडे बघायचं. तो पुढची ओळ कधी उचलणार हे त्याच्या खांद्यावरून कळतं, कारण श्वास घेताना खांदा किंचित वर जातो. ओळ संपली की मधली जागा आपली. नटाने श्वास घेतला की ती जागा त्याची. वन्समोअर आला तर पुन्हा कुठून उचलायचं हे डोळ्यांनी ठरतं, बोलायला वेळ नसतो. लग्नानंतर अमेरिकेत आले तेव्हा सोबत हार्मोनियम होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या कार्यक्रमांत साथ करत राहिले. ऑर्गन मात्र सुटल्यासारखा झाला होता.

तो पुन्हा कानावर पडला तो 2010 च्या उन्हाळ्यात. शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या सामन्याला ऑफिसातल्या लोकांबरोबर गेले होते. खेळातलं फारसं कळत नव्हतं. पाहुण्या संघाचा पिचर मार खात होता. त्यांचा मॅनेजर मैदानात आला, त्याने पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि तो खाली मान घालून बाहेर चालू लागला. तेवढ्यात ऑर्गनवर एक चाल सुरू झाली आणि सगळं स्टेडियम ती गाऊ लागलं. त्या गाण्याचे शब्द म्हणजे निरोप देणारा साधा घोष आहे, पण मला दिसली ती वेळ साधण्याची हातोटी. पिचर निघाला त्या पावलावर पहिला सूर, आणि तो आत दिसेनासा होताना शेवटचा. ही साथ होती. अगदी अस्सल साथ, आणि तीही एका चालत जाणाऱ्या माणसाला.

वाजवणाऱ्या होत्या नॅन्सी फॉस्ट. 1970 पासून व्हाइट सॉक्ससाठी त्या वाजवत होत्या आणि 2010 हा त्यांचा एक्केचाळिसावा, शेवटचा मोसम होता. पराभूत पिचरला त्या चालीवर निरोप देण्याची प्रथा 1977 मध्ये त्यांच्याच ऑर्गनवरून रूढ झाली आणि पुढे देशभर पसरली. त्या स्वरलिपी पुढे ठेवून वाजवणाऱ्या नव्हेत, कानावर वाजवणाऱ्या. हे कळल्यावर मला त्या फार जवळच्या वाटल्या, कारण आमचंही सगळं शिक्षण कानावरच झालं होतं. उरलेल्या उन्हाळ्यात मी शक्य तितक्या सामन्यांना गेले आणि खेळापेक्षा ऑर्गनच ऐकत बसले.

या प्रकाराचं मूळही शिकागोतच आहे. बेसबॉलच्या मैदानावर ऑर्गन पहिल्यांदा वाजला तो 26 एप्रिल 1941 रोजी, शिकागो कब्जच्या रिग्ली फील्डवर, आणि वाजवणारे होते रे नेल्सन. त्याच्याही आधी 1929 मध्ये उघडलेल्या शिकागो स्टेडियममध्ये, म्हणजे आइस हॉकी आणि बॉक्सिंगच्या बंदिस्त सभागृहात, बार्टन कंपनीचा प्रचंड पाइप ऑर्गन बसवला होता. त्याला सुरांच्या पट्ट्यांचे सहा मजले होते आणि अल मेलगार्ड यांनी तो कित्येक दशकं वाजवला. मूकपटांच्या काळात मोठ्या थिएटरांत ऑर्गनवादक पडद्याकडे बघत साथ करत. बोलपट आले आणि हे सगळे लोक बेकार झाले. खेळाच्या मैदानांनी त्यांच्यातल्या काहींना पुन्हा काम दिलं. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर 1942 पासून वाजवणाऱ्या ग्लॅडिस गुडिंग याही मूकपटांच्या थिएटरांतूनच आलेल्या. पडद्यावरच्या माणसाची हालचाल बघून हात चालवायची सवय त्यांच्या अंगात आधीच मुरलेली होती. स्टेडियममध्ये समोर फक्त पडद्याऐवजी मैदान आलं.

मला हे काम मिळालं ते निवड चाचणी देऊन. आमच्या भागातल्या संघाचा जुना वादक राज्य सोडून गेला आणि संघाने हिवाळ्यात वादक हवा असल्याचं जाहीर केलं. खेळ सोडून बाकी सगळा कार्यक्रम जो माणूस सांभाळतो त्याला इथे गेम डायरेक्टर म्हणतात. तो तिशीतला एक उत्साही मुलगा होता. रिकामं मैदान, बाहेर बर्फ, काचेमागच्या खोलीत ऑर्गन. मी काही तुकडे तयार करून नेले होते, पण त्याने ते वाजवूच दिले नाहीत. तो नुसते प्रसंग सांगत गेला. "दोन बाद, तिन्ही बेसवर आपली माणसं, आपण एका धावेने मागे." (बेस म्हणजे धाव पुरी करताना वाटेत टेकायचे थांबे.) मी वाजवायचं. "त्यांचा पिचर बदलतोय." वाजवायचं. "स्टँडमध्ये एका लहान मुलीने चेंडू झेलला." वाजवायचं. मध्येच तो हात वर करायचा, त्या क्षणी थांबायचं. थांबण्याचं त्याला जास्त महत्त्व होतं हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि तिथे मी निर्धास्त झाले. नटाच्या खांद्याकडे बघून थांबायची सवय लहानपणापासूनची होती.

चाचणी पार पडली, पण खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं.

आधी वाद्याचं. आमच्या मैदानावरचा ऑर्गन डिजिटल आहे, हॅमंडच्या धाटणीचा. लॉरेन्स हॅमंड यांनी 1935 मध्ये बाजारात आणलेला विजेवरचा ऑर्गन शिकागोतच बनत असे. चर्चसाठी पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून तो निघाला आणि जॅझवाल्यांनी, स्टेडियमवाल्यांनी तो आपलासा केला. पट्ट्यांचे दोन मजले, खाली पायाने वाजवायच्या लाकडी पट्ट्या, आणि वर ड्रॉबार नावाच्या ओढायच्या दांड्या. प्रत्येक संचात नऊ दांड्या. मूळ सुरावरचे कोणकोणते उपसूर किती मिसळायचे ते त्यांनी ठरतं. पायपेटीत भाता थांबला की सूर मरतो, त्यामुळे पाय सतत चालू लागतात आणि सुरात आपोआप एक श्वास येतो. हॅमंडमध्ये पट्टी दाबून धरली आहे तोवर सूर तसाच सरळ, संपूर्ण, न दमता उभा राहतो. श्वास आपण आणायचा: उजव्या पायाखालच्या पेडलने आवाज चढवत-उतरवत, आणि लेस्लीने. लेस्ली म्हणजे डॉन लेस्ली यांनी काढलेला फिरता स्पीकर. त्याचा भोंगा संथ फिरवला तर सूर डोलतो, वेगात फिरवला तर थरथरतो. मोक्याच्या क्षणी संथाचा वेगवान केला, की एक सूरही न बदलता लोक खुर्चीत पुढे सरकतात. माझ्या डाव्या पायाला खर्ज वाजवायला शिकवण्यात पहिला अख्खा मोसम गेला. भाता मारणारे पाय एकाआड एक चालतात. इथे डाव्याने सूर शोधायचा आणि उजव्याने आवाज सांभाळायचा.

मग कॉर्डचं. आपल्या साथीत गाणाऱ्याची ओळ धरून तिच्यामागे जायचं असतं. इथे ओळ माझीच आणि तिच्याखाली स्वरांचे गट लावायचे. सा-ग-प हे घर, म-ध-सां ही शेजारची वाट, आणि प-नी-रें वर मं चढवला की कानाला घरी परतायची ओढ लागते. स्टेडियमच्या ऑर्गनचं अर्धं तंत्र या ओढीवर उभं आहे. शेवटचा गट वाजवायचा आणि घरी न नेता थांबायचं. राहिलेलं लोक ओरडून पूर्ण करतात. इथली सगळ्यात प्रसिद्ध ललकारी घ्या: मंद्रातला प, मग सा, ग, प, आणि लगेच ग, प. सहा सूर. ती 1946 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टॉमी वॉकर या विद्यार्थ्याने बांधली, तीही फुटबॉलच्या सामन्यांसाठी. सहावा सूर संपला की हजारो माणसं एकमुखाने "चार्ज!" ओरडतात. आपल्याकडे आयपीएल बघणाऱ्यांना ट्रंपेटची धून आणि तिच्या शेवटी उठणारा गजर माहीत आहे, जात तीच. फरक इतकाच की ती धून ध्वनिमुद्रित असते, आणि इथे सहावा सूर कधी सोडायचा हे मी त्या क्षणी लोकांकडे बघून ठरवते.

दुसरं हुकमी हत्यार म्हणजे एकच छोटा ठेका वाजवत दर वेळी एक पट्टी वर चढणं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. लय हळूहळू वाढवत न्यायची. टाळ्या आपोआप मागे येतात. यात मी माझी एक गोष्ट आणली: तिहाई. तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. इथल्या कुणालाही तिहाई ठाऊक नाही, पण दुसऱ्या फेरीलाच कानाला कळतं की तिसरी येणार आहे आणि कुठे पडणार आहे. तिसऱ्याच्या शेवटच्या ठोक्यावर सगळ्यांची टाळी एकदम बसते. डायरेक्टरने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हेडफोनमधून म्हणाला, "ते जे काही होतं ते परत कर."

टाळ्यांचा एक गुंता मात्र कुठल्याही नाट्यगृहात भेटला नव्हता. माझी खोली होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे, वर आहे. मुख्य स्पीकर समोर, मैदानाच्या पार टोकाला, साधारण 120 मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे मी दाबलेला सूर माझ्या उघड्या कानाला तिथून यायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. टाळ्यांचं त्याहून बिकट: सूर आधी लोकांपर्यंत जाणार, मग त्यांची टाळी माझ्यापर्यंत येणार, आणि पहिल्या बेसच्या बाजूची टाळी तिसऱ्या बेसच्या बाजूच्या टाळीशी जुळणार नाही. आपण टाळ्यांची वाट बघत लय धरली तर दर आवर्तनाला ती ढिली पडत जाते आणि शेवटी सगळंच बसकण मारतं. तबल्याबरोबर साथ करणाऱ्या माणसाला हे फार कठीण जातं, कारण समोरच्याचं ऐकून वाजवणं हाच आमचा धर्म. इथे कानांत हेडफोन घालून थेट वाद्याचा आवाज ऐकायचा, लय स्वतःच्या अंगात घट्ट धरायची आणि लोकांना तिच्याकडे येऊ द्यायचं. डोळे मात्र लोकांवरच. टाळीसाठी वर गेलेले हात खरे असतात. त्यांचा येणारा आवाज जुना असतो.

खेळ समजून घेणं ही या कामातली अर्धी तयारी. प्रत्येक सामन्यात मी स्कोअरकार्ड लिहिते. पिचर एक, कॅचर दोन, असे मैदानातल्या नऊ जागांचे नऊ आकडे. बॅटर कसा बाद झाला ते दोन-तीन आकड्यांत मांडता येतं. हे लिहिल्यामुळे पुढे कोण येणार, कोण आज दोनदा बाद झालाय, कुठला पिचर थकत चाललाय, हे हाताला माहीत असतं. पिचर थकला की तो चेंडूआधी जास्त वेळ घेतो, टोपी काढतो, मातीला पायाने चिमटे काढतो. तो वेळ माझा. आणि घरच्या संघाचा पिचर संकटात असेल तर काहीच वाजवायचं नाही. त्याला शांतता हवी असते. आमच्याकडे हा नियम लेखी नाही, पण खेळाडू त्याची जाण ठेवतात. एकदा एक पिचर सामन्यानंतर मुद्दाम वर येऊन म्हणाला, "आठव्या इनिंगला तुम्ही थांबलात, थँक्यू." (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी; सामन्यात अशा नऊ.) कुठल्याही वन्समोअरपेक्षा मला ते मोठं वाटलं.

2023 मध्ये मोठ्या लीगने पिच क्लॉक आणलं. लहान लीगांत ते आधीपासून आजमावलं जात होतं. बेस रिकामे असतील तर पिचरने 15 सेकंदांत चेंडू टाकायचा, बॅटरने घड्याळात आठ सेकंद उरायच्या आत सज्ज व्हायचं. मोठ्या लीगच्या नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी एका वर्षात 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आली. प्रेक्षकांसाठी हे उत्तम झालं, आणि मला स्वतःला वेगवान खेळ आवडतो. पण ती वाचलेली मिनिटं आली कुठून? दोन चेंडूंच्या मधून. म्हणजे नेमकी ऑर्गनची जागा आक्रसली. पूर्वी चढत जाणारा ठेका सहा-सात पट्ट्या वर नेता यायचा, आता तीन. मी घरी बसून जुने तुकडे कापले. आता माझ्या वहीत चार ठोक्यांचे, सहा ठोक्यांचे, आठ ठोक्यांचे असे तुकडे वेगळे लिहिलेले आहेत. मैदानावर घड्याळ दिसतंच. आकडा बघायचा, तुकडा निवडायचा, वाजवायचा, हात उचलायचे. आवर्तन लहान झालं की प्रत्येक सूर मोजून टाकावा लागतो, आणि त्याने माझं वाजवणं सुधारलं असं मी मनापासून म्हणेन.

काही गोष्टी वर्ज्य आहेत. अंपायरची टर उडवायची नाही. ग्लॅडिस गुडिंग यांनी ब्रुकलिनमध्ये अंपायर मैदानात येताना "थ्री ब्लाइंड माइस" ही तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवली होती आणि ती गंमत म्हणून खपली. 1985 मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे विल्बर स्नॅप यांनी अंपायरच्या एका निर्णयानंतर तीच चाल वाजवली, तेव्हा अंपायरने त्यांना थेट बाहेर काढलं. खेळाडू बाहेर जातात, पण वादकाला हाकलल्याची ती गोष्ट अजून या वर्तुळात सांगितली जाते. मला अंपायरची बाजू पटते. लोकांच्या रागाला सूर मिळाला की तो दुप्पट होतो, आणि मैदानात खाली चार माणसं एकटी उभी असतात.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उठून उभे राहतात आणि "टेक मी आउट टू द बॉल गेम" गातात. हे गाणं 1908 चं. शब्द जॅक नॉरवर्थ यांचे, चाल अल्बर्ट व्हॉन टिल्झर यांची. मैदानावर फक्त ध्रुवपदच गातात, त्यामुळे अंतरे फार थोड्यांना माहीत आहेत. अंतऱ्यांत केटी केसी नावाची बेसबॉलने झपाटलेली एक मुलगी आहे. तिचा मित्र तिला नाटकाला नेऊ म्हणतो आणि ती म्हणते, मला मॅचला ने. म्हणजे इतकी वर्षं लाखो पुरुष ज्या ओळी गात आले आहेत त्या एका मुलीच्या तोंडच्या आहेत. मला हे फार आवडतं. लय तीन-तीन मात्रांची आहे, त्यामुळे दादरा हाताळलेल्या माणसाला ती लगेच बसते. पहिल्या मात्रेवर खर्ज जड ठेवायचा, पुढच्या दोन हलक्या. शेवटाकडे तीन स्ट्राइक (बॅटरचे हुकलेले चेंडू; तीन झाले की तो बाद) मोजायची जागा येते तिथे मुलं बोटं वर करतात. तिथे मी लय किंचित मागे ओढते, म्हणजे सगळ्यात लहान मुलाचंही तिसरं बोट वेळेत वर येतं.

राष्ट्रगीताचं काम वेगळं. त्याची चाल दीड सप्तकात पसरलेली आहे आणि हौशी गायक उत्साहात वरून सुरू करतात, मग वरचा टप्पा त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून सामन्याआधी तासभर मी गाणाऱ्याला वर बोलावते, एकदा सगळं म्हणून घेते आणि त्याच्या गळ्याची पट्टी ठरवते. मैदानात तो एकटाच गातो. मी फक्त सुरुवातीचा सूर देते. शाळेतली मुलगी असो की निवृत्त फौजी, तो एक सूर कानात पडला की चेहरा सैल होतो.

पावसाने सामना थांबतो तेव्हा वेळेचं बंधन सुटतं. इलिनॉयमधलं जुलैचं वादळ अर्धा तास धो धो कोसळतं आणि निघून जातं. खाली कर्मचारी ताडपत्री ओढतात, लोक छपराखाली गर्दी करतात, आणि डायरेक्टर म्हणतो, "तुझंच आहे सगळं." अशा वेळी मी फर्माइशी घेते. मुलं चिठ्ठ्या आणून देतात. एका संध्याकाळी चिठ्ठ्या संपल्या आणि पाऊस थांबेना, तेव्हा मी भीमपलासातली एक जुनी नाट्यगीताची चाल धरली. कॉर्ड नाहीत, खाली नुसता सा-प, लेस्ली बंद. एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, हे कुठल्या चर्चचं आहे? मी सांगितलं, माझ्या गावच्या नाटकाचं. ते म्हणाले, मग पुढचा अंक वाजवा. मी वाजवला. त्या मोसमात ते पावसाच्या दिवशी नेमाने वर येत.

आता थोडं मनातलं. आज बहुतेक मैदानांवर ऑर्गनपेक्षा ध्वनिमुद्रित आवाजच जास्त चालतो. बटण दाबलं की टाळ्या, बटण दाबलं की ढोल, प्रत्येक बॅटरचं स्वतःचं दहा सेकंदांचं गाणं. आमच्याकडेही मधल्या एका मोसमात माझा वाटा इतका कमी झाला की संपूर्ण इनिंग मी हात बांधून बसायची. खेळाडूंची गाणी मला आवडतात, ती त्यांची हौस आहे. पण मुद्रित आवाजाला समोर काय घडलं ते दिसत नाही. चेंडू उंच उडतो, सगळे श्वास रोखतात, वाऱ्याने तो आत ओढला जातो आणि क्षेत्ररक्षक तो झेलतो, तेव्हा हजारो माणसांची जी निराशा होते तिला लगेच हात द्यावा लागतो. दोन कॉर्ड पुरतात. ते दोन कॉर्ड आधी तयार करून ठेवता येत नाहीत. 1975 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या अंतिम मालिकेत, बोस्टनच्या कार्लटन फिस्क यांनी बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्यात बाराव्या इनिंगला होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून सामना जिंकून दिला, तेव्हा फेनवे पार्कवर तिथले ऑर्गनवादक जॉन कायली यांनी हँडल या संगीतकाराचा "हालेलुया" कोरस वाजवला. मध्यरात्र उलटून गेलेली होती. कुठल्या बटणावर तो आधी भरून ठेवला असता?

हे मी डायरेक्टरला, आणि मग संघाच्या मालकांना, एका बैठकीत सांगितलं. रागाने नाही; स्कोअरकार्डं आणि वही घेऊन गेले, आणि कुठल्या प्रसंगी मुद्रित आवाज लोकांच्या मागे पडला, कुठे त्यांच्या पुढे धावला, ते इनिंगनुसार दाखवलं. त्यांनी एक रविवार पूर्ण माझ्याकडे दिला. बॅटरची गाणीसुद्धा नाहीत, फक्त ऑर्गन आणि निवेदक. खेळाडूंकडून त्यांच्या गाण्यांची यादी आधी घेतली आणि तीच गाणी मी ऑर्गनवर बसवली, दहा-दहा सेकंदांची. डग-आउटमधून खेळाडू वर बघून हात हलवत होते. त्या दुपारी स्टेडियममधला आवाज कमी होता आणि लोकांचा आवाज जास्त. मागच्या रांगेतून कुणीतरी मारलेली हाक पहिल्या बेसवर पोचत होती.

आता दर रविवारचा सामना असाच होतो. हिवाळ्यात एक शाळकरी मुलगी माझ्याकडे शिकायला येऊ लागली आहे. पियानो ती छान वाजवते. सध्या मी तिला रेकॉर्ड केलेले जुने सामने आवाज बंद करून दाखवते आणि पिचर पाय कधी टेकतो ते आधी ओळखायला सांगते. या मोसमात दोन इनिंग तिच्याकडे देणार आहे. शिकागोच्या बाजूला कुणी येणार असाल तर रविवारी या. सामना दुपारी एकला सुरू होतो, दरवाजे तासभर आधी उघडतात, आणि तेव्हापासून ऑर्गन चालू असतो. वर जायचा जिना पहिल्या बेसच्या बाजूला आहे, दार उघडंच असतं, फर्माइश कागदावर लिहून आणा.